रक्त निवळलं म्हणजे आजार गेला नव्हे

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत डोळ्यांच्या आरोग्यावर आलेला लेख वाचला. मधुमेह असलेल्यांनी आणि साठी उलटलेल्यांनी वर्षातून एकदा डोळ्याचा मागचा पडदा तपासून घ्यावा, असं त्यात म्हटलं आहे. ते बरोबरच आहे. पण ज्याला साखर नाही, बीपी नाही, साधा चष्माही नाही, अशा पंचविशीतल्या धडधाकट पोराच्या डोळ्यातही रक्त उतरतं, हे त्यात कुठेच नव्हतं. माझ्या थोरल्या मुलाच्या बाबतीत ते झालं. आम्हाला ते वेळेवर कळलं नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसलो आहे.

मी एस.टी.त ३१ वर्षं वाहक होतो. तासगाव तालुक्यात आमची सव्वा एकर द्राक्षबाग आहे. बाग मुलगाच बघतो आणि शिवाय ट्रॅक्टर-ब्लोअर घेऊन दुसऱ्यांच्या बागांना फवारणीला जातो. २०२२ च्या नोव्हेंबरात विरळणीचे दिवस होते. आभाळ धरलं होतं आणि डाऊनीच्या (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाच्या) भीतीने दिवसाआड फवारणी चालली होती. एका सकाळी तो म्हणाला, "आप्पा, उजव्या डोळ्यापुढं काळं दोरं फिरल्यागत वाटतंय. नजर हलवली की तेबी हलत्यात." मी म्हणालो, औषधाचा फवारा गेला असेल. गडीमाणसंही तेच म्हणाली. मेडिकलवाल्याने एक ड्रॉप्सची बाटली दिली. डोळा दुखत नव्हता, लाल नव्हता, पाणी येत नव्हतं. औषध गेलं असतं तर डोळा चुरचुरला असता, लाल झाला असता, हे आज कळतं. त्या वेळी तेवढाही विचार मनात आला नाही.

आठ दिवसांनी आम्ही दोघं तासगाव स्टँडवर उभे होतो. सांगलीची गाडी फलाटाला लागत होती. जन्म बोर्ड बघण्यात गेलेला, म्हणून सवयीने त्याला म्हटलं, बोर्ड वाच. त्याने वाचला. मग काय मनात आलं कोण जाणे, म्हटलं, डावा डोळा झाकून वाच. त्याने तळहात डाव्या डोळ्यावर धरला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "गाडी दिसतीय, बोर्ड दिसत नाही. लाल पाण्यातनं बघितल्यागत हाय." दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याचं झाकून नेतो. आठ दिवस पोरगा एका डोळ्याने ट्रॅक्टर चालवत होता आणि ते त्याचं त्यालाही उमगलं नव्हतं.

त्याच दिवशी आम्ही पडद्याच्या डॉक्टरांकडे गेलो असतो तर! पण बाग ऐन भरात होती. दोन-तीन दिवस ड्रॉप्स टाकून बघू म्हटलं, आणि खरंच हळूहळू डोळा उजळायला लागला. त्याच सुमारास शेजारच्या गावात मोफत नेत्र तपासणी शिबिर होतं. शिबिर कुणाचं ते लिहीत नाही. त्यांचा हेतू चांगला होता, आणि आमच्याच गावच्या चार म्हाताऱ्या माणसांचे मोतीबिंदू त्यातून निघाले. पोराच्या डोळ्यात त्यांनी बॅटरी मारून बघितलं, बोटं मोजायला लावली आणि चिठ्ठीवर लिहून दिलं : "डोळे चांगले आहेत." ती चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे. महिन्याभरात काळे दोरे पार गेले. त्याच्या आईने जोतिबाला गुलाल-खोबरं वाहिलं. आम्ही विषय मिटवून टाकला.

तो मिटवायला नको होता. डोळ्यातलं रक्त बऱ्याचदा आपोआप शोषलं जातं. ड्रॉप्स टाका न टाका, नवस बोला न बोला, ते काही आठवड्यांत निवळू शकतं. पण जिथून ते आलं तिथली दुखापत तशीच राहते. उलट रक्त निवळलं की पडदा स्वच्छ दिसतो, म्हणजे डॉक्टरला आत बघायला आणि लेझर मारायला तीच वेळ सगळ्यात चांगली. आमचे ते तीन महिने, डिसेंबर ते फेब्रुवारी, "बरा झाला" या समजात गेले.

फेब्रुवारीच्या शेवटी, बेदाणा शेडवर रात्रपाळी करून तो झोपला आणि सकाळी उठला तेव्हा उजव्या डोळ्यापुढे काळपट लाल पडदा होता. या वेळी बोटंही मोजता येईनात. डोळ्यापुढे हात हलवला तर तेवढं कळत होतं.

मिरजेला गेलो. पडद्याच्या डॉक्टर मॅडमनी बाहुली मोठी करायचे थेंब घातले आणि उजव्या डोळ्यात बघितलं. आत सगळं रक्त, पडदा दिसेना. म्हणून सोनोग्राफी केली. पापणीवर जेल लावून, पोटाची करतात तशीच. पडदा जागेवर होता. मग त्यांनी डावा डोळा बघायला घेतला. मी म्हटलं, "मॅडम, तो चांगला आहे." त्या डोळ्याने तो शेवटची ओळ वाचत होता, ६/६. त्या म्हणाल्या, "मला तोच आधी बघायचाय." डोक्याला दिवा लावून, हातात भिंग धरून, वर बघ, खाली बघ, उजवीकडे बघ करत त्या पडद्याच्या कडा कितीतरी वेळ तपासत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "आजार याही डोळ्यात आहे."

दंडातल्या शिरेतून पिवळा डाय सोडून डाव्या डोळ्याचे फोटो काढले. (ज्यांचं हे होईल त्यांनी घाबरू नये. त्या दिवशी अंग पिवळट दिसतं आणि लघवी गर्द पिवळी-केशरी होते. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे संध्याकाळी घरात रडारड झाली.) मॅडमनी ते काळे-पांढरे फोटो कॉम्प्युटरवर दाखवले. मधोमध शिरांची जाळी छान पसरलेली, तारेवर चढवलेल्या वेलीसारखी. पण कडेला गेलं की फांद्या एकाएकी तुटलेल्या आणि त्यापुढे नुसता काळा भाग. जिथे त्या तुटल्या होत्या तिथे पांढरे ठिपके, आणि त्यांच्याभोवती धुक्यात दिवा दिसावा तसा पसरलेला उजेड.

मॅडम शेतकऱ्याच्या घरातल्या असाव्यात. त्यांनी विचारलं, "ठिबकची नळी चोंदली तर काय होतं?" पोरगा म्हणाला, "टोकाच्या झाडांना पाणी पोचत नाय." त्या म्हणाल्या, इथे तेच झालंय. पडद्याच्या शिरांना सूज येते. सुजून त्या बंद पडतात. मग कडेचा पडदा उपाशी राहतो. उपाशी पडदा "रक्त पाठवा, रक्त पाठवा" असा निरोप देत राहतो, आणि त्या निरोपामुळे नव्या शिरा फुटतात. पण त्या कच्च्या असतात. जराशा कारणाने फुटतात आणि रक्त डोळ्यातल्या जेलीसारख्या भागात उतरतं. तसंच चालू राहिलं तर त्या शिरांबरोबर दोऱ्यांसारखे पापुद्रे तयार होतात, ते पडद्याला ओढतात आणि पडदा सुटतो. मग नजर परत मिळवणं फार अवघड.

या आजाराला ईल्सचा आजार म्हणतात. इंग्लंडात बर्मिंगहॅमला हेन्री ईल्स नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. तरुण पुरुषांच्या डोळ्यात असं पुन्हा पुन्हा रक्त येतं, हे त्यांनी १८८० मध्ये नोंदवलं. त्यांच्या रुग्णांना बद्धकोष्ठ होतं आणि नाकातून रक्त येत होतं, म्हणून त्यांनी त्याचा संबंध तिकडे लावला. शिरांची सूज नंतरच्यांच्या लक्षात आली. आज तिकडच्या देशांत हा आजार क्वचित दिसतो. आपल्याकडे मात्र पडद्याच्या डॉक्टरांना तो चांगला ओळखीचा आहे. वीस ते चाळीस वयाचे, बहुतेक पुरुष, बाकी तब्येत ठणठणीत, आणि बऱ्याच जणांत आज ना उद्या दुसराही डोळा. हे ऐकल्यावर मी मॅडमना विचारलं, मग हे गावात कुणाला का माहीत नाही? त्यांनी काही उत्तर दिलं नाही.

पुढे तपासण्या झाल्या. रक्तात साखर, सिकलसेल, गुप्तरोगाची तपासणी, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे आणि हातावर टीबीच्या तपासणीचं इंजेक्शन. कारण असं रक्त येण्याची कारणं अनेक असतात आणि ती एकेक वगळावी लागतात. हातावरचं इंजेक्शन तिसऱ्या दिवशी चांगलंच टणक होऊन उठलं, २२ मिलिमीटर, म्हणजे टीबीचा जंतू कधीतरी अंगात शिरला असावा. छाती स्वच्छ. खोकला नाही, ताप नाही, वजन घटलेलं नाही. या आजाराचा टीबीशी संबंध आहे असं डॉक्टरांना फार पूर्वीपासून वाटत आलं आहे. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या संशोधकांना अशा रुग्णांच्या डोळ्यातून काढलेल्या पापुद्र्यांत टीबीच्या जंतूचा अंश सापडला होता, असं मॅडमनी सांगितलं. पण हे सरसकट सगळ्यांना लागू नाही. टीबीचं औषध कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे पडद्याचे डॉक्टर आणि छातीचे डॉक्टर मिळून ठरवतात. आमच्या बाबतीत द्यायचं ठरलं, नऊ महिने. औषधं सरकारी दवाखान्यातून मोफत मिळाली. आशाताई दर महिन्याला घरी येऊन चौकशी करून जायच्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

टीबी हा शब्द मात्र गावात आमच्या आधी पोचला. पोराचं लग्न ठरत आलं होतं. पाहुण्यांनी नंतर फोन उचलणं बंद केलं. मी त्यांना दोष देत नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. इथे छापून आलं तर कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितो : छातीत टीबी नसेल तर डोळ्यातला टीबी खोकल्यातून, ताटातून, अंथरुणातून कुणालाही लागत नाही.

आता उपचार. यात तीन-चार गोष्टी एकाच वेळी चालतात, आणि एक केली म्हणजे दुसरी टळली असं होत नाही.

सुजेवर स्टेरॉइडच्या गोळ्या. पोराचं वजन ६० किलो, म्हणून रोज ६० मिलिग्रॅमपासून सुरुवात झाली आणि डॉक्टरांनी दर थोड्या दिवसांनी पायरी-पायरीने कमी करत नेल्या. चेहरा गोल झाला, भूक अशी की रात्री अकराला भाकरी मागायचा, झोप उडाली. शेजारीपाजारी म्हणायचे, स्टेरॉइड वाईट, बंद कर. एकदा त्याने खरंच दोन दिवस घेतल्या नाहीत आणि हातापायातलं बळ गेल्यासारखं होऊन पडून राहिला. या गोळ्या चालू असताना शरीर आपलं स्वतःचं ते द्रव्य बनवणं कमी करतं, म्हणून त्या एकदम सोडायच्या नसतात. आणि मेडिकलमधून आपल्या मनाने सुरूही करायच्या नसतात. अंगात टीबी असेल आणि त्यावरचं औषध चालू नसेल, तर नुसत्या स्टेरॉइडने तो उसळू शकतो. शिवाय डोळ्याचा दाब वाढतो का ते बघावं लागतं. दर खेपेला तो मोजायचे. टीबीच्या औषधातली एक गोळी डोळ्याच्या नसेला क्वचित अपाय करते, म्हणून रंगीत ठिपक्यांतले आकडेही वाचायला लावायचे.

दुसरं लेझर. उपाशी पडलेला कडेचा भाग लेझरने भाजायचा, म्हणजे तो निरोप देणं थांबवतो आणि नव्या शिरा सुकतात. हे ऐकून मला धस्स झालं होतं. चांगल्या डोळ्याचा पडदा जाळायचा? मॅडम म्हणाल्या, "टोकाची झाडं गेलेलीच आहेत. मी मधली बाग राखतेय." मधला पडदा म्हणजे ज्याने आपण वाचतो, माणूस ओळखतो. डाव्या डोळ्याला दोन बैठकांत काही शे ठिपके मारले. मी बाहेर बाकावर होतो. आत हनुवटी टेकवून, डोळ्यावर भिंग दाबून धरलेलं, हिरवा उजेड चमकत राहतो, आणि काही ठिपके कळ आणतात, असं त्याने नंतर सांगितलं. त्या रात्री डोकं ठणकलं. अंधारात आणि कडेचं थोडं कमी दिसतं हेही खरं आहे. दिवस मावळल्यावर तो आता ट्रॅक्टर रस्त्याला आणत नाही. पण डावा डोळा आज ६/६ आहे. रक्ताचा एक थेंबही त्यात उतरलेला नाही.

उजव्या डोळ्याचं एवढं सोपं नव्हतं. रक्त खाली बसावं म्हणून त्याला उशाला दोन उशा घेऊन, डोकं उंच ठेवून झोपायला सांगितलं. वरचा थोडा पडदा दिसायला लागला तेवढ्यावर लेझर झालं. बाकी रक्त तीन महिने वाट बघूनही हटेना, आणि सोनोग्राफीत पापुद्रे ओढ देत असल्याचं दिसायला लागलं. जूनमध्ये ऑपरेशन झालं. त्याच्या चार दिवस आधी डोळ्यात एक इंजेक्शन दिलं होतं, नव्या शिरा सुकून ऑपरेशनमध्ये रक्तस्राव कमी व्हावा म्हणून. मग बारीक छिद्रांतून आतली रक्ताळलेली जेली काढली, पापुद्रे सोडवले आणि आतूनच लेझर मारला. तो डोळा आता ६/१८ वर आहे. पेपरातली मोठी अक्षरं वाचतो, बारीक वाचत नाही. द्राक्षाचा घड दिसतो, पण विरळणीला मणी वेगळे दिसत नाहीत.

मॅडमना मी एकदाच विचारलं, नोव्हेंबरात आलो असतो तर? त्या म्हणाल्या, "बहुधा लेझरवर भागलं असतं." मला बरं वाटावं म्हणून त्या खोटं बोलल्या नाहीत, याचं मला समाधान आहे.

आपल्या वृत्तपत्रामार्फत शिबिरं भरवणाऱ्या सगळ्या संस्थांना, मंडळांना आणि पुढाऱ्यांना माझी हात जोडून एक मागणी आहे. मोतीबिंदूच्या शिबिरात प्रत्येकाची बाहुली मोठी करून पडदा बघणं शक्य नाही, हे मला मान्य आहे. तेवढे डॉक्टर नाहीत, तेवढा वेळ नाही. पण मग चिठ्ठीवर "डोळे चांगले आहेत" असं लिहू नका. जे तपासलं तेवढंच लिहा. चिठ्ठीवर एक ओळ छापून घ्या : "डोळ्याचा मागचा पडदा तपासलेला नाही. डोळ्यापुढे काळे ठिपके, दोरे, जाळं किंवा लाली दिसत असेल तर पडद्याच्या डॉक्टरांना लगेच दाखवा, मग ते आपोआप गेलं असलं तरी." शेवटचे सहा शब्द गाळू नका. एवढ्या छपाईला शिबिरावर लावलेल्या एका फ्लेक्सइतकाही खर्च येणार नाही. त्या दिवशी आमच्या चिठ्ठीवर ही ओळ असती तर मी बाग सोडून मिरज गाठली असती, हे मी शपथेवर सांगतो.

मेडिकल दुकानदारांनाही सांगणं आहे. डोळा लाल नाही, दुखत नाही आणि तरी पुढे काळं फिरतंय, असं कुणी म्हणाला तर त्याला ड्रॉप्स देऊ नका, डॉक्टरकडे पाठवा. ते ईल्सच असेल असं नाही. मधुमेहाचं असेल, मार लागल्याचं असेल, विदर्भात सिकलसेलचं असेल, पडद्याला चीर गेलेली असेल. यातल्या कशावरच ड्रॉप्सचा उपयोग नाही.

आणि वाचकांनी, विशेषतः ज्यांची मुलं गाडी, ट्रॅक्टर, मशीन चालवतात त्यांनी, आज जेवायच्या आधी पोराला समोर उभं करावं आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावावं. आधी एक डोळा झाकून, मग दुसरा.

खर्चाबद्दलही लिहितो, कारण त्या भीतीने माणसं अर्ध्यावर सोडतात. आम्ही पहिल्या खेपेला सोनं मोडायच्या तयारीने गेलो होतो. सरकारी आरोग्य योजनेत आपलं काय बसतं ते आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारावं, रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्यावं. आणि डोळा स्वच्छ दिसायला लागला म्हणून पुढची तारीख चुकवू नये. आमच्या पोराला अजून दर सहा महिन्यांनी बोलावतात. पुढची तारीख फळछाटणीच्या आठवड्यात येते आहे. त्या दिवशी छाटणीला मी थांबणार आहे, तो मिरजेला जाणार आहे.

आपला,
एक निवृत्त एस.टी. वाहक,
ता. तासगाव, जि. सांगली

(मुलाचं स्थळ बघणं पुन्हा सुरू केलं आहे. त्यामुळे कृपया नाव छापू नये. शिबिरवाल्यांपैकी कुणाला ती चिठ्ठी बघायची असेल तर कार्यालयामार्फत कळवावं, मी घेऊन येईन.)